सरकारी पोर्टलवरची जागा: अर्जापासून कारखान्याच्या गेटपर्यंत

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. हजेरी, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) भरणा, आणि रिकाम्या जागा सरकारी पोर्टलवर टाकणं, हे सगळं माझ्याकडे. म्हणजे महास्वयम या राज्य शासनाच्या नोकरीच्या पोर्टलवर तुम्ही अर्जाचं बटण दाबता तेव्हा पलीकडे तो अर्ज उघडणारी मी असते, किंवा माझ्यासारखंच कुणीतरी.

गेल्या खेपेला हेमिंगसाठी, म्हणजे टॉवेलच्या कडा दुमडून शिवायला, सहा शिलाई कामगारांच्या जागा टाकल्या होत्या. त्रेचाळीस अर्ज आले. मी प्रत्येकाला फोन लावला. सतरा जणांचे नंबर बंद किंवा दुसऱ्याच कुणाचे निघाले. नऊ जण सोलापुरात राहतच नव्हते. सहा जणांना आपण कुठल्या कामासाठी अर्ज केलाय तेच आठवेना. उरले अकरा. ते गेटवर आले, मशीनवर बसून हात दाखवला आणि त्यातल्या सहा जणी त्याच आठवड्यात कामाला लागल्या. बाकीच्या बत्तीस जणांना काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांचं काम मला बघायलाच मिळालं नाही. पोर्टल आणि गेट यांच्या मधल्या वाटेत ते गळाले. ती वाट कशी चालायची ते सांगायला हे लिहिते आहे.

मी स्वतः सोलापूरच्या पूर्व भागातली. अम्मा घरी विड्या वळायची. बारावी झाल्यावर तिने एक दिवसाच्या विड्या बाजूला ठेवल्या आणि मला घेऊन सेवायोजन कार्यालयात गेली. नाव नोंदवलं, कार्ड मिळालं. ते कार्ड तिने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं आणि नूतनीकरणाची तारीख कधी चुकू दिली नाही. बोलावणं मात्र आलं नाही. आज त्याच व्यवस्थेचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं झालं आहे आणि कार्डाची जागा मोबाईलने घेतली आहे. पण नाव नोंदवून वाट बघत बसायची सवय आपल्या घरांतून गेलेली नाही. नोंदणी म्हणजे रांगेत नंबर लागला असं लोक धरून चालतात. तशी रांग नाही.

का नाही, ते समजून घ्या. १९५९ साली एक कायदा झाला. पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या आणि दर तीन महिन्यांनी ईआर-१ नावाचं विवरणपत्र भरायचं, अशी त्यात सक्ती होती. मी ते वर्षानुवर्षं भरलं आहे. पण जागा कळवली म्हणून त्या कार्यालयामार्फतच माणूस घेतला पाहिजे, असं बंधन त्या कायद्याने घातलं नव्हतं. त्यामुळे काही कारखाने खरोखर माणूस हवा म्हणून जागा टाकतात, तर काही ठिकाणी जागा कळवायची म्हणून कळवली जाते आणि भरती ओळखीतून आधीच झालेली असते. शिवाय जागा भरली तरी शेवटच्या तारखेपर्यंत जाहिरात तशीच दिसत राहते, कारण ती काढून टाकायची आठवण सगळ्यांनाच राहते असं नाही. म्हणून यादीतली जागा जिवंत आहे की नाही, हे पहिलं तपासायचं. ते कसं, ते पुढे सांगते.

नोंदणी

पोर्टल दोन आहेत. महाराष्ट्र शासनाचं महास्वयम, पत्ता रोजगार डॉट महास्वयम डॉट गव्ह डॉट इन. आणि केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस, म्हणजे एनसीएस डॉट गव्ह डॉट इन. ते जुलै २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्याची हेल्पलाईन १५१४. दोन्हीकडे नाव नोंदवा. दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. सोलापुरातल्या कारखान्यांच्या आणि दुकानांच्या जागा मला महास्वयमवर जास्त दिसतात. बँका, विमा, सुरक्षा रक्षक, मोठ्या कंपन्यांची गोदामं अशा जागांसाठी एनसीएस बघा.

नोंदणी करताना आधार आणि मोबाईल जवळ ठेवा, कारण ओटीपी मोबाईलवर येतो. इथे एक कळकळीची विनंती आहे. मोबाईल स्वतःचा द्या. नेटकॅफेवाल्याचा, मेव्हण्याचा, जुन्या सिमचा नंबर देऊ नका. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर कामावर जात असेल, तर दुसऱ्या नंबराच्या रकान्यात शेजारणीचा किंवा मुलीचा नंबर टाका आणि तिला सांगून ठेवा. आमच्या त्या सतरा जणांतले बरेचसे असेच गेले. पासवर्ड आणि नोंदणी क्रमांक वहीत लिहा. मी आमच्या गल्लीतल्या बायकांना बँकेच्या पासबुकाच्या मागच्या पानावर नोंदणी क्रमांक लिहायला सांगते, कारण पासबुक हरवत नाही.

नावाचं स्पेलिंग हा आपल्या सोलापुरातला खास घोळ. आपली तेलुगू, कन्नड आडनावं शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, पासबुकावर तिसरी. दाखल्यावर वडिलांचं घराणं, आधारवर नवऱ्याचं, असंही असतं. पोर्टल आधारवरचं नाव घेतं. अर्ज करायला त्याची अडचण नाही, पण कामाला लागल्यावर पीएफचं खातं उघडताना सगळं अडतं. आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती आत्ताच करा, नोकरी लागायची वाट बघू नका.

कौशल्याचा रकाना

शिक्षणाचा रकाना सगळे भरतात. कौशल्याचा रकाना शंभरातले नव्वद जण रिकामा ठेवतात किंवा 'संगणक ज्ञान' असं टाकून पुढे जातात. मी मात्र नेमका तोच आधी उघडते.

शिलाई येते, एवढं लिहून मला काही कळत नाही. घरचं पायाचं मशीन चालवता, की कारखान्यातलं सिंगल नीडल पॉवर मशीन? ओव्हरलॉक येतं का? युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्टची कॉलर, कफ लावलेत, की नुसती बाजूची शिलाई मारली? तासाला किती नग निघतात? हे लिहा. मागावर काम केलं असेल तर साधा यंत्रमाग की रॅपियर, जकार्ड होतं का, एका वेळी किती माग सांभाळत होता, ते लिहा. वार्पिंग, वाईंडिंग, डाईंग, चेकिंग, फोल्डिंग, पॅकिंग हे सगळे वेगवेगळे विभाग आहेत, आणि एका विभागातला हात दुसऱ्यात लगेच चालत नाही. बॉयलरवर होतात म्हणता, तर अटेंडंटचं प्रमाणपत्र कुठल्या श्रेणीचं आहे ते लिहा, कारण त्याशिवाय तुम्हाला तिथे उभं करता येत नाही.

आमच्याच गल्लीतल्या एका बाईने सोळा वर्षं विड्या वळल्या. तिला वाटायचं, आपल्याला अनुभवच नाही, काय लिहायचं? मी तिच्याशेजारी बसून लिहून घेतलं: सोळा वर्षं नगावर काम, रोज ठरलेला माल वेळेत पूर्ण, वजन आणि मोजणी अचूक, खराब माल वेगळा काढण्याची सवय. चेकिंग आणि पॅकिंगला याहून वेगळं काय लागतं? ती आज एका गारमेंट युनिटमध्ये तपासणीला आहे. घरी बसून केलेल्या कामाला 'अनुभव नाही' म्हणणं आपणच बंद करायला हवं. पण खोटंही लिहू नका. मशीनवर बसवल्यावर पाच मिनिटांत कळतं आणि मग जे खरं लिहिलं होतं त्यावरचाही विश्वास जातो.

शोधताना सोलापूरचा नकाशा डोक्यात ठेवा

हे काम जागेवर जाऊन करायचं आहे. त्यामुळे जिल्हा निवडताना पोर्टलचा नकाशा आणि आपला नकाशा यातला फरक ओळखा. एनसीएसवर घरून करायच्या कामांचा वेगळा पर्याय आहे, तो काढून टाका, नाहीतर यादी उगाच लांबते.

'सोलापूर' निवडलं की अख्खा जिल्हा येतो. त्यात अकलूज आणि करमाळाही आलं, आणि तिथून रोज येणं-जाणं जमणार नाही. उलट तुळजापूर रस्त्यावरचं तामलवाडी शहरापासून जवळ असून ते धाराशिव जिल्ह्यात मोडतं, त्यामुळे सोलापूरच्या यादीत तिथल्या कारखान्यांच्या जागा येत नाहीत. धाराशिव जिल्हा वेगळा निवडून बघा. यादीत ते नाव सापडलं नाही तर उस्मानाबाद शोधा, काही ठिकाणी जुनंच नाव राहिलेलं असतं. पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या जागा मोहोळ तालुक्यातही बघा.

दुसरी फसगत अशी की जाहिरातीवर पत्ता सोलापूरचा आणि काम चाकणला. पुण्याकडच्या कंपन्या इथे मुलाखती घेतात, त्यात चूक काही नाही, पण 'मुलाखतीचं ठिकाण' आणि 'कामाचं ठिकाण' हे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा वाचा.

मग जाहिरात पूर्ण उघडा. ज्या जाहिरातीत कामाचं नेमकं नाव, पदसंख्या, शिफ्ट आणि पगाराचा आकडा दिलेला आहे, तिथे सहसा खरंच माणूस हवा असतो. 'हेल्पर, १० जागा, पगार नियमानुसार' एवढंच असेल आणि तारीख दीड-दोन महिने जुनी असेल, तर फोन केल्याशिवाय पाय उचलू नका.

पगाराचा आकडा दिसला की हातात किती पडणार ते काढा. समजा १५,००० लिहिलेत आणि ही सगळी रक्कम मूळ पगार अधिक महागाई भत्ता आहे. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआयसी पाऊण टक्का, ते ११३. पुरुषाला व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात येतात १२,८८७. बाईला महिन्याला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिला १३,०८७. आता त्यातून शेअर रिक्षाचे जाता-येतानाचे पैसे वजा करा. जुळे सोलापुरातून चिंचोळीला रोज जाणाऱ्याचा आणि अशोक चौकातून अक्कलकोट रोडला येणाऱ्याचा पगार कागदावर सारखा असला तरी घरी सारखा येत नाही.

ही कपात बघून पुष्कळ जण म्हणतात, 'अक्का, पीएफ नको, सगळे पैसे हातात द्या.' मी दर वेळी त्यांना बसवून सांगते. तुमच्या १,८०० वर मालकालाही तेवढीच भर घालावी लागते. ईएसआयसीत मालक सव्वातीन टक्के भरतो आणि त्यावर घरच्यांचं औषधपाणी होतं. अम्माच्या छातीचा त्रास वाढला तेव्हा माझ्या ईएसआयसी कार्डावर तिची नोंद होती, म्हणून तिचे उपचार कर्जाशिवाय झाले. २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला हे कार्ड मिळतं. कुणी 'कपात नाही' असं आमिष दाखवत असेल तर त्या जागेपासून सावध राहा.

आणखी एक शब्द नीट वाचा: प्रशिक्षणार्थी. अप्रेंटिस म्हणून घेतात तेव्हा मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. त्यावर पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपली की कारखाना कायम करेलच असं नाही. २०२४ पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना महास्वयमवरच दिसते. त्यात बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० ठरले. आयटीआयच्या पोरांना मी अप्रेंटिसशिप आवर्जून करायला सांगते, कारण प्रमाणपत्र पुढे कामाला येतं. पण ज्याच्या पगारावर घर चालायचं आहे त्याने अप्रेंटिसशिपला नोकरी समजू नये.

फोन, मग गेट

अर्ज केला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, फोन करा. जाहिरातीत संपर्क दिलेला असेल तर तिथे, नसेल तर कारखान्याच्या ऑफिसला. दुपारी तीननंतर करा. सकाळी आम्ही हजेरीत अडकलेलो असतो. काय बोलायचं ते मी आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांना पाठ करून देते:

'नमस्कार मॅडम, महास्वयमवर तुमची शिलाई कामगाराची जागा बघून काल अर्ज केला. माझा नोंदणी क्रमांक जवळ आहे. जागा अजून आहे का? सिंगल नीडल आणि ओव्हरलॉक दोन्ही येतं. हात दाखवायला कधी येऊ?'

एवढं बोललात की तुमचा अर्ज मी यादीतून त्याच वेळी उघडते. जागा भरली असेल तर तसं सांगते, तुमचा रिक्षाचा खर्च वाचतो. फोन उचलला गेला नाही तर दोनदा करून बघा, तिसऱ्या वेळी सरळ जा.

एका वेळी चाळीस ठिकाणी अर्ज टाकू नका. आठवड्यात पाच टाका, पण वहीत तारीख, कारखाना, काम आणि कुणाशी बोललात ते लिहा. माझा फोन आल्यावर 'कोण बोलतंय, कुठली कंपनी?' असं विचारलं की मलाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

गेटवर येताना आधार, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, प्रमाणपत्रं आणि दोन फोटो आणा. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि परत पिशवीत ठेवा. मूळ दाखला कुणी ठेवून घ्यायला मागितला तर देऊ नका. आधी कुठे पीएफ कापला जात असेल तर तो यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आणा, नवीन काढू नका, जुने पैसे त्याच खात्यात जोडले जातात. बायकांनी ओढणी किंवा पदर नीट खोचता येईल असे कपडे घालून यावं, कारण मशीनवर बसायला लावतातच. बरोबर कुणी आलं तर चालतं, पण आत बोलायचं तुम्हीच. नवरा उत्तरं देतो आणि बाई गप्प उभी राहते, तेव्हा तिला काय येतं ते मला कळत नाही.

तुम्हीही विचारा, लाजू नका. शिफ्ट किती वाजता सुटते? रात्रपाळी आहे का? आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी? पगार नगावर की महिन्यावर? जादा वेळेला दुप्पट दर मिळतो ना? कुशल, अर्धकुशल की अकुशल म्हणून नोंद होणार? या शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे, कारण किमान वेतन त्या श्रेणीवर ठरतं. ज्याला मशीन येतं त्याची नोंद हेल्पर म्हणून होऊ देऊ नका.

रोजगार मेळावा लागला तर तोही महास्वयमवरच दिसतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा असं सहसा नाव असतं. मेळाव्याच्या पानावर जिल्हा निवडायचा, कोणत्या कंपन्या येणार ते बघायचं आणि आधीच अर्ज नोंदवायचा. तिथे सकाळी लवकर जा. मी टेबलावर बसलेली असते तेव्हा बारानंतर आलेल्या मुलांना तेवढा वेळ देता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पैशांबद्दल एकदाच सांगते. अर्जाला, मुलाखतीला, गणवेशाला, ओळखपत्राला, कशालाही आधी पैसे लागत नाहीत. आमच्या शेजारच्या पोराला पोर्टलवरून तुमचं नाव निवडलंय असा फोन आला आणि त्याने १,५०० रुपये पाठवले. पोर्टलचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो की नाही ते बघा, ओटीपी कुणाला सांगू नका. पैसे गेलेच तर लाजेने घरात बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

कामाला लागलात की नेमणुकीचं पत्र मागून घ्या, त्यावर पदाचं नाव आणि पगार वाचा. पहिला पगार झाल्यानंतरच्या महिन्यात पीएफ भरल्याचा संदेश मोबाईलवर येतो का बघा, नाही आला तर ऑफिसात विचारा. आणि त्या रविवारी पोर्टल उघडून आपल्या नावापुढे नोकरी लागल्याची नोंद करा, नवा अनुभव लिहा. तुमच्या जुन्या नोंदीवर मी अजून फोन लावत असते, आणि तेवढ्या वेळात खरोखर काम शोधणाऱ्या एखादीला लावता आला असता.